दारात आलेल्या उमेदवाराला काय विचारावे?

बेळगाव महापालिकेच्या निवडणुकीविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर सर्वांत मोठे झाले आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट शहरातील प्रत्येक घराला लागू पडते.

प्रश्न : आम्ही वडगावात राहतो. घरात दोन यंत्रमाग आहेत आणि नाल्याच्या बाजूला थोडी भातशेती आहे. आमच्या गल्लीतील एक तरुण पुढच्या निवडणुकीत नगरसेवकपदासाठी उभा राहणार आहे. गणेशोत्सव असो, लग्नकार्य असो किंवा कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे असो, तो धावून येतो. पंचमंडळींनी बैठक घेऊन या वेळी आपल्या गल्लीचाच माणूस निवडून द्यायचा, असे ठरवले आहे. सासूबाईंच्या मते पंचांनी ठरवले म्हणजे विषय संपला. मत देण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते, पण नेमके काय विचारावे हे कळत नाही. — एक गृहिणी, वडगाव

उत्तर : ताई, पंचांचा मान राखूनही आपण प्रश्न विचारू शकता. आपल्या शहरातील गल्ल्यांचे पंच अनेक पिढ्या भांडणे मिटवत आले आहेत, देवळाचा आणि उत्सवाचा हिशेब सांभाळत आले आहेत, आणि सीमाप्रश्नाच्या कठीण काळात माणसे एकत्र ठेवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. तरीही मत गुप्त असते आणि ते एकट्याने द्यायचे असते, त्यामुळे पंचांचा निर्णय हा वडीलधाऱ्यांचा सल्ला म्हणून ऐकावा. सल्ला ऐकल्यावर उमेदवाराला प्रश्न विचारण्यात कुणाचाही अपमान नाही. चांगल्या उमेदवाराला तर प्रश्न विचारलेले आवडतात.

रात्री दवाखान्यात धावून येणारा माणूस चांगला शेजारी आहे, आणि हा गुण लहान नाही. परंतु नगरसेवकाचे खरे काम आपल्याला दिसणाऱ्या जागी होत नाही. ते ५८ सदस्यांच्या सर्वसाधारण सभेत होते, अंदाजपत्रकाच्या बैठकीत होते आणि स्थायी समित्यांमध्ये होते. कर्नाटक महापालिका कायदा १९७६ प्रमाणे अशा समित्या चार असतात. एक कर, अर्थ आणि अपिलांची, दुसरी सार्वजनिक आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्यायाची, तिसरी नगररचना आणि सुधारणांची, चौथी लेख्यांची. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा, की निवडून आल्यास आपण कोणत्या समितीवर जाऊ इच्छिता आणि का. ज्याला समित्या किती आहेत हेच ठाऊक नाही, त्याला लगेच नापास करू नये. पण पुढच्या आठवड्यात माहिती घेऊन परत यायला सांगावे. तो परत आला, तर अर्धी परीक्षा तिथेच पार पडली असे समजा.

दुसरा प्रश्न आश्वासनांचा. आपल्या शहरात एका रस्त्यावर किती यंत्रणांचा हात असतो, हे मतदाराला सहसा सांगितले जात नाही. गटारी, कचरा, दिवाबत्ती, बाजारपेठा, घरपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले आणि अंतर्गत रस्ते ही महापालिकेची कामे आहेत. राकसकोप आणि हिडकल येथून येणाऱ्या पाण्याचे वितरण मात्र चोवीस तास पाणी योजनेच्या यंत्रणेकडे सोपवलेले आहे. २००८ साली शहराच्या काही भागांत ही योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि तिच्या पाण्याची अजून कित्येक गल्ल्या वाट पाहत आहेत. वीज हेस्कॉम या वीज कंपनीकडे, नव्या वसाहतींची आखणी बुडाकडे (बेळगाव नागरी विकास प्राधिकरणाकडे) आणि कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड झाली, तेव्हा त्या कामांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. म्हणूनच आपल्याकडे रस्ता एकाने करायचा, दुसऱ्याने उकरायचा आणि तक्रार तिसऱ्याकडे न्यायची, असे चित्र दिसते. ‘वॉर्डात चोवीस तास पाणी आणतो’ असे म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारावे, की हे आपल्या अधिकारात आहे की आपण त्यासाठी पाठपुरावा करणार आहात. पाठपुरावा हेही काम आहे, आणि ज्याने उत्तरात तो शब्द प्रामाणिकपणे वापरला त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवीन.

आपण नाल्याकाठच्या शेतीचा उल्लेख केला आहे, म्हणून बळ्ळारी नाल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पावसाळ्यात नाल्याचे पाणी वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात पसरते आणि उभे भात कुजते, हे दुःख शेतकऱ्यांना कुणी नव्याने सांगायला नको. गाळ काढणे, अतिक्रमण हटवणे, शहरातील सांडपाणी नाल्यात जाण्यापासून थांबवणे आणि शहराबाहेर पाण्याला पुढे वाट करून देणे, ही वेगवेगळ्या खात्यांची कामे आहेत. त्यांतील काही महापालिकेची, तर काही जिल्हा प्रशासनाची आणि पाटबंधारे खात्याची. आपल्या उमेदवाराला ‘नाल्याचा प्रश्न सोडवणार का’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. आपल्या वॉर्डातील कोणत्या गटारीचे पाणी नाल्यात कोठे मिळते, गाळ काढण्याचे काम पावसापूर्वी कोणत्या महिन्यात मंजूर व्हायला हवे आणि त्याची फाईल सध्या कोणाच्या टेबलावर आहे, असे विचारा. हे त्याला आज सांगता आले नाही तरी चालेल, परंतु माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून ही माहिती काढायची तयारी त्याने दाखवली पाहिजे. हा कायदा २००५ पासून आहे आणि अर्ज करण्यासाठी निवडून येण्याची गरज नसते.

तिसरा प्रश्न भाषेचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी विचारला जातो. प्रचारात मराठीचा उल्लेख प्रत्येक भाषणात असतो, पण सभागृहात मराठी कोणत्या कामातून दिसणार हे कुणी सांगत नाही. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, टिपणी आणि इतिवृत्त कन्नडमध्ये येते. मी अनेक वर्षे सभागृहाचे कामकाज प्रेक्षकांच्या बाकावरून पाहिले आहे. विषयपत्रिका हातात घेऊन बसलेला आणि शेजाऱ्याला ‘हा कितवा विषय चालू आहे’ असे हळूच विचारणारा आपला मराठी नगरसेवक मी पाहिला आहे, आणि तेव्हा जीव तुटला आहे. त्या दिवशी त्याच्याच वॉर्डातील एका जागेचा विषय पुकारला गेला आणि तो मंजूरही झाला. म्हणून उमेदवाराला विचारावे, की विषयपत्रिका आपण कशी वाचणार. स्वतः वाचणार, कुणाकडून वाचून घेणार, की मराठी प्रत मिळेपर्यंत बोलणार नाही?

मराठी प्रत मागणे ही मेहेरबानीची याचना नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जे निवेदन संसदेपुढे ठेवले, त्यात जिल्ह्यात किंवा नगरपालिकेसारख्या लहान क्षेत्रात अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे तत्त्व आहे. पुढे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतही ते मान्य झाले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी संविधानात ३५० अ हे कलम आहे आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याचे पद ३५० ब या कलमाखाली आहे. बेळगाव शहरात मराठी भाषकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून कितीतरी अधिक आहे, याबद्दल कुणालाच शंका नाही. ‘घरपट्टीची सूचना मराठीतही मिळावी यासाठी आपण कोणता ठराव मांडणार आणि त्याला पाठिंबा कोणाकोणाचा मिळवणार?’ असा प्रश्न आपण विचारलात, तर भाषेचा विषय घोषणेतून उतरून कामाच्या यादीत येतो.

एक गोष्ट येथेच लिहून ठेवतो. २००५ साली महापालिकेने बेळगाव महाराष्ट्रात समाविष्ट करावे असा ठराव केला, तेव्हा महापौरांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासले गेले आणि राज्य सरकारने महापालिका बरखास्त केली. त्या सदस्यांचे धैर्य सीमाभागातील माणूस विसरणार नाही. परंतु महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल महापालिकेच्या सभागृहात लागणार नाही. ज्या उमेदवाराचा सगळा प्रचार त्या एका प्रश्नावर चालतो, त्याला आदरपूर्वक विचारावे, की निकाल लागेपर्यंतच्या वर्षांत आमच्या दैनंदिन व्यवहारातील मराठीसाठी आपण काय करणार आहात.

चौथा प्रश्न अवघड वाटेल, पण तो विचारावाच लागेल. महापालिकेच्या कोणत्याही कंत्राटात, गाळ्यात किंवा पुरवठ्यात उमेदवाराचा किंवा त्याच्या घरच्यांचा हितसंबंध आहे का? महापालिकेच्या कामात हितसंबंध असणाऱ्याला कायद्याने सदस्य राहता येत नाही. गल्लीतील माणूस असल्यामुळे संकोच वाटेल, तरी घरात चहा देऊन विचारलेला प्रश्नही प्रश्नच असतो.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. शहरातील सुमारे निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि आरक्षण दर निवडणुकीत बदलते. आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तर या तरुणाऐवजी त्याची पत्नी किंवा आई उभी राहील, फलकावर तिच्या फोटोशेजारी त्याचा फोटो असेल आणि प्रश्नांची उत्तरे तोच देईल. तसे झाले तर प्रश्न तिलाच विचारा. पंचांच्या बैठकीला तिला बोलावले होते का, हेही विचारा. आपण स्वतः स्त्री आहात, म्हणून हे काम आपल्याइतके चांगले कुणाला जमणार नाही. महिला मंडळाच्या एखाद्या बैठकीत तिला एकटीला बोलावून अर्धा तास गप्पा मारल्या, तर ती पुढे सभागृहात बोलेल की नाही याचा अंदाज आपल्याला नक्की येईल.

रहिवासी दाखला, जन्माचा दाखला यांसाठी मात्र नगरसेवकाकडे जाण्याची गरज पडू नये. कर्नाटकात ‘सकाल’ योजनेखाली अशा सेवांना ठरावीक मुदत आहे. ‘दाखले मी मिळवून देतो’ हे आश्वासन मतासाठी पुरेसे मानू नका.

प्रश्न : आमच्या वॉर्डात मराठी माणसांची संख्या मोठी असूनही मागील खेपेस मराठी उमेदवार पडला. या वेळीही एकास महाराष्ट्र एकीकरण समितीचा पाठिंबा, दुसरा बंडखोर आणि तिसरा राष्ट्रीय पक्षाच्या चिन्हावर, असे तीन मराठी उमेदवार उभे राहण्याची चिन्हे आहेत. आम्ही काय करावे? शिवाय ‘मराठी म्हणून मत द्या’ असे म्हणणे गुन्हा आहे, असे काही जण सांगतात. ते खरे आहे काय? — एक निवृत्त शिक्षक, शहापूर

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातील वेदना अनेकांची आहे. बेळगावात २०२१ पूर्वीच्या महापालिका निवडणुका पक्षचिन्हांवर होत नसत. सभागृहात मराठी गट आणि कन्नड-उर्दू गट अशी मांडणी असे. ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथमच पक्षचिन्हांवर मतदान झाले आणि ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या. निवडून आलेल्यांपैकी अनेक जण मराठी भाषकच आहेत. म्हणून ‘मराठी उमेदवार पडला’ यापेक्षा ‘समितीच्या विचाराचा उमेदवार पडला’ असे म्हणणे अधिक अचूक होईल, आणि दुखण्याचे नाव अचूक घेतले तरच त्यावर उपाय सापडतो.

मतविभाजनाचा हिशेब साधा आहे. १०० मतांपैकी ६० मते तीन उमेदवारांत २५, २० आणि १५ अशी वाटली गेली, तर ४० मतांचा चौथा उमेदवार निवडून येतो. येथे पन्नास टक्क्यांची अट नसते. ज्याची मते सर्वांत जास्त तो विजयी. त्यामुळे जे काही ठरवायचे ते उमेदवारी मागे घेण्याच्या मुदतीपूर्वी ठरले पाहिजे. मुदत संपल्यावर बंडखोराने जाहीर पत्रक काढून पाठिंबा दिला, तरी त्याचे नाव आणि चिन्ह मतदान यंत्रावर राहते आणि काही शे मते तेथे पडतातच. आमच्याकडे वाटाघाटी नेहमी मुदत संपल्याच्या रात्री रंगतात, आणि ही सवय मोडण्याचे काम आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांचे आहे. समितीचा उमेदवार आणि बंडखोर या दोघांनाही अर्ज भरण्यापूर्वीच एका खोलीत बसवावे. कोणाची गल्ली मोठी, कोणाचे नातेवाईक जास्त, हा निकष बाजूला ठेवून मागील पाच वर्षांत वॉर्डातील कोणते काम कोणी मार्गी लावले, हे लेखी मागावे. ज्याने माघार घेतली त्याला वॉर्ड समितीत स्थान देण्याचा शब्द जाहीरपणे द्यावा. कर्नाटकातील कायद्याप्रमाणे नगरसेवकाच्या अध्यक्षतेखालील वॉर्ड समितीत १० सदस्यांची तरतूद आहे, त्यांत महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि रहिवाशांच्या संघटनांना जागा आहेत. नगरसेवकपद न मिळताही काम करण्याची ती खरीखुरी जागा आहे.

तडजोड झालीच नाही, तर मत कोणाला द्यावे हे मी येथून सांगणार नाही. पक्षाच्या चिन्हावर उभ्या असलेल्या मराठी उमेदवाराला मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा. पक्षाने काढलेल्या आदेशाविरुद्ध मत दिल्यास १९८७ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. मराठी कागदपत्रांचा ठराव सभागृहात आला आणि पक्षाचा आदेश विरोधी निघाला, तर तो काय करणार? मत देता आले नाही तरी भाषण करता येते, पक्षाच्या बैठकीत आधी भांडता येते. याचे उत्तर त्याने आपल्या डोळ्यांत पाहून द्यावे.

आता कायद्याविषयी. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांना लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने असा निर्णय दिला, की ही बंदी केवळ उमेदवाराच्या भाषेपुरती नसून मतदारांच्या भाषेलाही लागू आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेतही भाषिक गटांत तणाव वाढेल असे वर्तन निषिद्ध आहे. याचा अर्थ मराठीचे प्रश्न मांडू नयेत असा होत नाही. ‘घरपट्टीची सूचना मराठीत मिळावी’, ‘मराठी शाळेची गळती इमारत दुरुस्त व्हावी’ या मागण्या आहेत आणि त्या मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. ‘समोरचा कन्नड आहे म्हणून त्याला पाडा’ हे वाक्य मात्र कायद्याच्या पलीकडे जाते, आणि आपल्या संस्कारांच्याही पलीकडे जाते असे मी म्हणेन.

यात व्यवहाराचाही भाग आहे. ५८ जणांच्या सभागृहात ठराव संमत करायला सर्व सदस्य हजर असतील तर ३० हात वर व्हावे लागतात. कन्नड आणि उर्दू भाषक सदस्यांपैकी काहींना पटवल्याशिवाय ते होणार नाही. जो उमेदवार प्रचारात शेजारच्या कन्नड घराचा उंबरा ओलांडत नाही, तो सभागृहात त्यांच्या प्रतिनिधींकडून मराठीसाठी मत कसे मिळवणार?

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, अनगोळमध्ये राहतो, उद्यमबागेत नोकरी करतो. शिक्षण कोल्हापूरला झाले. आमच्या युवक मंडळातील मित्र मला अपक्ष म्हणून उभे राहा, असा आग्रह करतात. मला कन्नड बोलता येते, पण वाचता येत नाही. मी उभे राहावे का? तयारी काय करावी? — एक युवक, अनगोळ

उत्तर : वयाची अडचण नाही. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, महापालिकेचा सदस्य होण्यासाठी २१ वर्षांचे वय पुरेसे केले आहे. विधानसभेसाठी मात्र २५ वर्षे लागतात. शहराच्या मतदार यादीत तुमचे नाव असले पाहिजे. तुम्ही शिक्षणासाठी कोल्हापूरला होता, म्हणून नाव तिकडे नोंदले गेले नाही ना, हे आजच पाहा. दोन ठिकाणी नाव असणे चूक आहे, आणि अर्जाच्या छाननीच्या दिवशी ही चूक विरोधकाला सापडली तर वर्षभराची मेहनत एका तासात वाया जाईल.

कागदपत्रांची जमवाजमव निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू करू नका. वॉर्ड मागासवर्ग अ, मागासवर्ग ब किंवा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव होऊ शकतो, आणि तहसीलदार कार्यालयातून जातीचा दाखला मिळायला वेळ लागतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून पावत्या एका पाकिटात ठेवा. मालमत्ता, कर्ज आणि फौजदारी प्रकरणांविषयी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत किंवा एखाद्या आंदोलनात तुमच्यावर गुन्हा नोंद झाला असेल, तर तो लपवू नका. आमच्या भागातील कितीतरी सज्जनांवर अशा नोंदी आहेत आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. लपवलेली माहिती मात्र निवडून आल्यानंतरही महागात पडते. खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडा आणि मंडपापासून रिक्षाच्या भोंग्यापर्यंत प्रत्येक रकमेची पावती ठेवा. मित्र म्हणतील की खर्च आम्ही करतो, तरी तो हिशेबात येतो.

अपक्ष लढण्याचा एक फायदा आहे आणि एक तोटा आहे. तुमच्यावर कोणत्याही पक्षाचा आदेश चालणार नाही. पण स्थायी समितीत जागा मिळवताना आणि अंदाजपत्रकातून वॉर्डासाठी रक्कम मिळवताना एकट्या सदस्याला फार धावावे लागते. तुमची नोकरी पाळीची असेल तर सभेच्या दिवसांची रजा कशी मिळणार, याचा विचार आधी करा. यंत्रावर उभे राहून दमलेला माणूस संध्याकाळी लोकांची गाऱ्हाणी ऐकू शकतो, परंतु सभा दिवसा असतात.

आता कन्नड वाचण्याविषयी. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत, म्हणून तितक्याच मोकळेपणाने सांगतो. उमेदवारी अर्ज भरण्याआधी कन्नड वाचायला शिका. बोलता येत असल्यामुळे तुमचे अर्धे काम झालेले आहे. अक्षरओळख आणि रोज एका वृत्तपत्राचे पान, एवढ्यावर काही महिन्यांत विषयपत्रिका समजू लागेल. शेजारच्या एखाद्या कन्नड शिक्षकांकडे गेलात तर ते आनंदाने शिकवतील. कार्यालयीन कन्नडमधील शंभर-दीडशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘निविदा’, ‘अनुदान’, ‘ठराव’, ‘मंजुरी’ यांना तेथे काय म्हणतात, याची एक वही करा. यामुळे मराठीचा आग्रह कमी होत नाही. ‘मला कळत नाही म्हणून मराठी प्रत द्या’ असे म्हणणाऱ्याला बाजूला सारणे सोपे असते. ‘मी कन्नड प्रत वाचली आहे, पृष्ठ चारवरील रकमेत चूक आहे, आणि माझ्या मतदारांना हे कळावे म्हणून मराठी प्रतही हवी’ असे म्हणणाऱ्याला बाजूला सारणे अवघड असते. यांपैकी दुसऱ्या प्रकारचा नगरसेवक होण्याची तुमची तयारी असेल, तर अवश्य उभे राहा.

तोवर एक काम करा. सर्वसाधारण सभेला प्रेक्षक म्हणून बसण्याची परवानगी मागा आणि तीन-चार सभा पूर्ण बसून पाहा. कोण किती वेळ बोलतो, अधिकारी कोणत्या प्रश्नाला टाळतात आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर देतात, हे टिपून ठेवा. तुमच्या जाहीरनाम्यातील निम्मी कलमे त्यातूनच तयार होतील.

प्रश्न : आम्ही निवडलेला नगरसेवक महापौर होऊ शकतो का? महापौर आपण थेट का निवडत नाही? आणि पुढील निवडणूक नेमकी कधी येते, हे कसे मोजायचे? — एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : महापौर आणि उपमहापौर सभागृहाच्या मतदानाने निवडले जातात. त्या मतदानात शहराशी संबंधित आमदार-खासदारांनाही मत असते. मुदत एक वर्षाची असून दोन्ही पदांचे आरक्षण राज्य सरकार आळीपाळीने ठरवते. आपला नगरसेवक कितीही लायक असला तरी त्या वर्षीचे आरक्षण त्याच्या प्रवर्गाचे नसेल तर तो उभा राहू शकत नाही. एका वर्षात महापौराला शहर समजून घेता घेता मुदत संपते आणि अधिकार आयुक्तांकडेच राहतात, ही या पद्धतीतील मोठी उणीव आहे असे मला वाटते. थेट निवडीसाठी राज्याचा कायदा बदलावा लागेल. ती मागणी आपण नगरसेवकाकडे नव्हे, आमदारांकडे करावी.

सभागृहाची मुदत संविधानाच्या २४३ यू या कलमाप्रमाणे पाच वर्षे आहे, पण ती मतदानाच्या दिवसापासून नव्हे तर पहिल्या बैठकीपासून मोजली जाते. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये मतदान झाले आणि महापौरांची निवड थेट ६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली. मधले जवळपास दीड वर्ष निवडून आलेले ५८ जण सभागृहाबाहेर होते आणि शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. ज्यांनी पाच वर्षे २०२१ पासून मोजली त्यांचा हिशेब म्हणूनच चुकतो. मतदार यादीतील नाव मात्र आताच तपासून घ्यावे, कारण वॉर्डांच्या हद्दी बदलल्या की एकाच घरातील दोन नावे दोन वॉर्डांत जातात, आणि मतदानाच्या सकाळी केंद्रावर त्याची दुरुस्ती होत नाही.